नवसाला बांधलेला डॉलर

मी एक डॉलरची नोट बोलतेय. डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला, माधवीच्या देवघरात, पिवळ्या फडक्यात बांधलेली आहे. दिसत काही नाही, ऐकू येतं.

माझ्या पाठीवर छापलंय, 'आमचा देवावर भरवसा आहे'. हे काही डॉलरच्या जन्मापासूनचं नाही. अमेरिकेत आपसांत युद्ध पेटलं, तेव्हा एका पाद्र्याच्या आग्रहामुळे हे शब्द आधी नाण्यांवर आले. आम्हा कागदी नोटांवर यायला १९५७ उजाडलं. तेव्हा धास्ती रशियाची होती. माणूस घाबरला की देवाचं नाव छापतो, असं मोरेश्वर मास्तर म्हणायचे. ते माधवीचे वडील, पुण्यात इतिहास शिकवायचे.

माधवी डॉक्टर होऊन इकडे निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या हातावर ठेवलं. तिकडे युरो चालतो, असं ती म्हणालीसुद्धा. असू दे, हिच्यावर देव आहे, म्हणाले. झालं! इथे मला कोण विचारतो? ड्रॉवरमध्ये पडून राहिले.

मग कोरोना आला. दुकानदार रोख पैसे घेईनात, घरात नाणंही उरलं नाही. माधवी टॅलाच्या हॉस्पिटलमधून यायची ती थेट अंघोळीला जायची. २०२१च्या एप्रिलमध्ये मास्तर तिकडे पुण्यात ऑक्सिजनवर गेले. हिला जाता येईना.

आजारी माणसावरून पैसा ओवाळून देवापुढे बांधून ठेवायचा, माणूस बरा झाला की देवळात वाहायचा, ही त्यांच्या घरची रीत. शोधाशोध करता हाती लागले मी. माणूस तर सातासमुद्रापार. तिने व्हिडिओ कॉल लावला आणि मला फोनवरूनच ओवाळलं.

मास्तरांनी मास्क जरा बाजूला केला. "अगं, डॉलर कसला बांधतेस?"

"घरात दुसरं काही नाहीये, बाबा."

"मग चालेल."

मला धडकीच भरली. पाठीवर मिरवणं सोपं, निभावणं कठीण.

त्याच आठवड्यात मास्तर गेले. माधवीने सगळं स्क्रीनवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेली. रडली नाही.

नवस फळला नाही तर बांधलेल्या पैशाचं काय करायचं, हे तिला ठाऊक नाही. असलं सगळं ती मास्तरांनाच विचारायची.

परवा तिच्या लेकाने, ध्रुवने मला उचललं. त्याला मराठी कळतं, बोलतो मात्र इथल्या पोरांसारखं. "मॅमी, कॅन आय ओपन इट?"

ती भांडी विसळत होती. "थांब, आजोबांना विचारून सांगते."

मग बराच वेळ नुसता नळ वाहत होता. ध्रुवने मला हळूच जागेवर ठेवलं.

मास्तर, तेवढं सांगून जायचं होतं हो तुम्ही.