खुर्चीखालची नावं

आमच्या गावात माणसाने सत्तरी ओलांडली की तो कागदी चिकटपट्टीचं एक रीळ विकत आणतो. मग थंडीतल्या दुपारी घरातली एकेक वस्तू उलटी करायची, तिच्या बुडाला पट्टी लावायची आणि पट्टीवर त्या मुलाचं नाव लिहायचं, ज्याला ती वस्तू जाणार आहे. कपाट कुणाला, घड्याळ कुणाला, नाताळची ताटं कुणाला. मृत्युपत्र नंतर येतं आणि वकील त्याच्याही नंतर. मिनेसोटातल्या या बीटाच्या शेतांमध्ये माणसं तोंडाने फारसं बोलत नाहीत. जे सांगायचं ते वस्तूंच्या पोटाखाली लिहून ठेवतात.

बॉस्टनहून कायदा शिकून मी परत आले, ती मात्र कागदावर श्रद्धा ठेवून. योग्य वेळी केलेला योग्य कागद असेल तर म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरातून कुणी उठवू शकत नाही, असं मला मनापासून वाटत होतं. बाबांच्या मागे बंद पडलेलं त्यांचं वकिलीचं ऑफिस मी उघडलं, पाटी तीच ठेवली, आणि चौथ्याच महिन्यात कोर्टाने अल्मा त्वेत यांची वकील म्हणून माझी नेमणूक केली. अल्मा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. आईचं डोकं ठिकाणावर नाही, मला तिचा पालक नेमा, असा अर्ज त्यांचा मुलगा लोवेल याने केला होता. अर्ज मंजूर झाला तर अल्माबाई महिन्याभरात वृद्धाश्रमात जाणार होत्या.

अशा वेळी पहिली भेट एकटीने घ्यायची असते; मुलांना बाहेर ठेवायचं. लोवेल अल्माबाईंच्या अंगणात आपल्या गाडीला टेकून उभा राहिला.

"विचारा काय ते, वकिलीणबाई. फक्त तिच्या हातची कॉफी पिऊ नका. मागच्या खेपेला मीठ घातलं होतं."

"मुद्दाम घातलं होतं," अल्माबाई आतून म्हणाल्या.

मला त्या तिथेच आवडल्या. मी ठरलेले प्रश्न विचारले. वार, तारीख, जमीन किती, ती कुणाला कसायला दिली आहे, बँकेत काय आहे. सगळी उत्तरं बिनचूक. मग मी मुलं किती ते विचारलं.

"तीन. लोवेल, जोअ‍ॅन आणि हाल्दोर."

फाइलमध्ये दोनच होती. मी फोन केला तेव्हा जोअ‍ॅन अ‍ॅरिझोनाहून म्हणाली, "आम्ही दोघंच गं. कोण हाल्दोर?" चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीत दोनच नोंदी होत्या. शाळेतही तसंच. पण मी पुन्हा अल्माबाईंकडे गेले, त्यांच्या परवानगीने जेवणघरातल्या खुर्च्या उलट्या केल्या, आणि तिथे पिवळ्या, कडा सुटलेल्या जुन्या पट्ट्यांवर तिन्ही नावं होती. एकाच हाताची, एकाच शाईची. घड्याळामागे हाल्दोर. शिवणयंत्राखाली लोवेल. आरशामागे जोअ‍ॅन.

"तो कुठे असतो?" मी विचारलं.

"येतो की. तुम्हा लोकांना मोजायची घाई असते, म्हणून दिसत नाही."

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "अल्माबाई, उद्या न्यायाधीश विचारतील तेव्हा फक्त 'दोन' म्हणा. एवढं एकच. मग तुम्हाला या घरातून कुणी हलवणार नाही. मी शब्द देते."

त्यांनी हात सोडवून घेतला. "पोरी, तू मला एकाला पुसायला सांगतेस."

"जो नाहीच, त्याला पुसायचं कसं?"

"बरं," त्या म्हणाल्या. "एक कमी करते."

दुसऱ्या दिवशी त्या इस्त्री केलेला निळा पोशाख घालून कोर्टात आल्या, सगळ्या प्रश्नांची शांतपणे उत्तरं देत गेल्या, आणि शेवटी न्यायाधीशांनी मुलांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"दोन. हाल्दोर आणि जोअ‍ॅन."

लोवेल त्यांच्यापासून चार हातांवर बसला होता. तो हसला, मग इकडेतिकडे पाहू लागला, जणू हे आणखी कुणी ऐकलं का ते शोधत होता. अर्ज वीस मिनिटांत मंजूर झाला. अल्माबाई वृद्धाश्रमात गेल्या आणि सहाव्या आठवड्यात तिथेच वारल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. कॉफीत मीठ आहे का, एवढंच चाखून बघायला सांगितलं.

घर रिकामं करायच्या दिवशी लोवेलने मला बोलावलं. सगळं सामान अंगणात उलटं करून ठेवलं होतं.

"बघा, वकिलीणबाई. माझ्या वाट्याला एक चमचासुद्धा नाही."

शिवणयंत्राखाली मी स्वतः 'लोवेल' असं वाचलेली ती पट्टी तशीच पिवळी होती, तिच्या कडा तशाच सुटलेल्या होत्या. तिच्यावर हाल्दोर लिहिलं होतं.

त्या रविवारी मी आईकडे जेवायला गेले. तिने बटाट्याच्या पातळ पोळ्या केल्या होत्या, लोणी-साखर लावून, बाबांना आवडायच्या तशा. "आता माझंही मृत्युपत्र करून टाक बाई," ती म्हणाली, "तुझी सवयही मोडणार नाही." मी हसून वही काढली आणि सवयीने सगळे प्रश्न विचारत गेले. मुलं किती?

"एकच," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही. "आणखी कुणाला मोजू?"

मी एकुलती एक. आमच्या घरात पट्ट्यांची कधी गरजच पडली नाही. जेवण झाल्यावर लोण्याचं भांडं पुसायला मी उलटं केलं, तर बुडाशी पिवळी पडलेली पट्टी होती आणि तिच्यावर आईच्या अक्षरात हाल्दोर. मग मी ताटं पाहिली. घड्याळ पाहिलं. बाबांची खुर्ची, आईची खुर्ची, पाहुण्यांच्या दोन खुर्च्या. सगळीकडे तेच नाव. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. मी खुर्च्या उलटवत होते त्याचा आवाज तिला ऐकू येत असावा; ती विसळतच राहिली.

शेवटी एकच खुर्ची राहिली. खिडकीजवळची, जिच्यावर मी लहानपणापासून बसत आले ती. मी तिच्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तिच्या कडा घट्ट धरून ठेवल्या.