चार वाजताचं सरबत

अमजद साखरेचा डबा ठेवायला आत वळला, तशी सुरैय्याने आपला कोकम सरबताचा ग्लास मोगऱ्याच्या कुंडीत हळूच ओतला. लाल पाणी मातीत जिरलं. पनवेलच्या उतरत्या दुपारी गॅलरीत ऊन असं सैलावून पडे, की आपण जागे आहोत की डोळा लागलाय, हेच तिला कळेनासं होई. त्या गुंगीतही तिचा हात दंड खाजवत राही.

वर्षभर अंगावर पित्त उठत होतं. एकीकडचे चट्टे विरेपर्यंत दुसरीकडे नवे उगवत. तिने कोळंबी सोडली, वांगं सोडलं, शेजारणी सांगतील ते ते सोडलं. अमजदने मात्र आपल्या अम्मीचा इलाज धरून ठेवला: पित्तावर कोकम. तिला आंबट घशाखाली उतरत नाही, म्हणून वर मूठभर साखर. रोज चार वाजता, असरच्या म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजेला निघण्याआधी, दोघांसाठी दोन ग्लास. बावीस वर्षं कुवेतला काढून आलेल्या त्या माणसाला एरवी बायकोशी काय बोलावं ते सुचत नसे. सरबत ढवळताना मात्र वाचा फुटे. तिथली रेतीची वादळं, एकट्याने काढलेल्या ईदा, सगळं तिने या गॅलरीत ऐकलं. ती वेळ तिला जिवापाड आवडे.

आणि मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं.

"साखर वाढलीय, पोटाचा घेरही. शरीराचं हे तंत्र बिघडलं, की पित्तसुद्धा कधीकधी हटून बसतं. गोळी देते, पण गोड बंद करा. आणि चालायला लागा."

सुरैय्याने रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली सरकवला. सरबत थांबलं तर त्याचं बोलणंही थांबेल, या भीतीने ती रोजचा ग्लास कुंडीत ओतू लागली.

शनिवारी अमजद कुंडीपाशी उकिडवा बसला. मातीवर मुंग्यांची रीघ लागली होती. त्याने चिमूटभर माती नाकाशी नेली.

"कोकम," तो म्हणाला. "नको होतं, तर बोलायचंस ना."

तिने कपाटातून रिपोर्ट आणून दिला. त्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"म्हणजे मीच तुला..."

"नाही हो. मला तरी कुठे ठाऊक होतं?"

त्याने रिपोर्टची घडी घातली.

"मग आता चार वाजता मी काय करू?"

तिने डोक्यावर ओढणी घेतली आणि दारातल्या त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या.

"तळ्याला फेरी मारू. वादळात तुमच्या खोलीचे पत्रे उडाले, त्याच्या पुढचं सांगायचं राहिलंय."