डाव्या हाताची पाच नखं

मी एक जुनी नेलपेंटची बाटली आहे. जुनी म्हणजे अगदी तळाला गेलेली, तोंडाशी रंग वाळून खपली धरलेली. पण मित्रांनो, माझा लाल रंग असा होता की बघणाऱ्याने बघतच राहावं!

कारखान्यात माझ्यात रंग भरला, झाकण पिळलं आणि मी दुकानाच्या काचेत येऊन बसले. पडदे शिवणाऱ्या एका बाईंनी मला आपल्या लेकीसाठी उचललं. ती लेक म्हणजे आमची चिमी.

खिडकीखालच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून चिमी आपलं सामान मांडायची. केसांच्या पिनेने ठिपके, चिकटपट्टीच्या कडेने तिरप्या रेघा, आणि पडद्याच्या जाळीचा तुकडा नखावर दाबून वरून रंग लावला की माशाचे खवले! गिऱ्हाईक एकच, आई. “हलू नकोस गं!” म्हणून चिमी दटावायची, आणि आई बिचारी नाक खाजलं तरी हात पसरून बसायची.

एकदा मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, राहायला आली. मला बघून तिने नाक मुरडलं.

“ही बाटली? चार भांडी घासली की टवके उडतात. या बाटल्या निघायच्या कितीतरी आधीपासून बायका मेंदीचा पाला वाटून नखं रंगवत आल्यात. नख वाढून कापलं जाईल, पण रंग निघायचा नाही.”

माझा असा जळफळाट झाला म्हणता! त्यातून ते खरं होतं.

मावशी आली होती ती आईच्या ऑपरेशनसाठी. आईच्या पोटातली गाठ काढायची होती. घरात सगळे बोलायचे कमी आणि एकमेकांकडे बघायचे जास्त. चिमीने मात्र ठरवलं, आई हॉस्पिटलात नटून जाणार. मग पैज लागली. उजवा हात मावशीच्या मेंदीचा, डावा माझा. चिमीने जीव ओतून खवले आणि ठिपके काढले. दोन्ही हात पुढे धरून आई कितीतरी दिवसांनी हसली.

हॉस्पिटलात नर्सने ते हात पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“अहो मावशी, हे काय करून आणलंत? भूल दिल्यावर श्वास नीट चाललाय ना, ते आम्ही नखांवरूनही बघतो. नखं निळी पडली तर कळायला नको? पुसा आधी.”

मावशीने उजवा हात साबणाने घासघासून धुतला. मेंदी ढिम्म हलेना. “माझी अक्कल कुठे गेली होती मेली!” म्हणत ती रडायलाच लागली.

आणि मी? चिमीने आम्हा बाटल्यांच्या पिशवीतून रिमूव्हर काढला, कापसाचा बोळा फिरवला आणि खवले, ठिपके, सगळं पुसलं गेलं. नर्स म्हणाली, “झालं तर मग. एक हात मोकळा मिळाला, पुरे आहे. रडू नका.” जन्मभर मला ‘टिकत नाही’ म्हणून बोल लावले, मित्रांनो. त्या दिवशी निघून जाताना मला फार बरं वाटलं.

ऑपरेशन झालं. आईला बाहेर आणलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, तोंडावर मास्क होता. चिमीचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा नर्सने आईच्या डाव्या अंगठ्याचं नख दाबलं. ते पांढरं झालं आणि सोडल्याबरोबर गुलाबी.

“बघ, रक्त नीट फिरतंय. आई छान आहे तुझी,” ती म्हणाली.

मग चिमीने स्वतः एकेक नख दाबून पाहिलं. पाचही गुलाबी! माझ्या पिशवीत चार रंग होते, पण तसा एकही नव्हता.

म्हणून सांगते, मित्रांनो, नखं हौसेने रंगवा, आमची झाकणं घट्ट लावा, नाहीतर आम्ही वाळून जातो. पण अधूनमधून नखं मोकळी ठेवा आणि आपल्या माणसाचा हात जरा हातात घेऊन बघा.

चिमी अजूनही रंग लावायच्या आधी आईची नखं एकेक करून दाबून बघते. आई वैतागते, “अगं, जिवंत आहे मी! लाव आता!”