डबीत उरलेला प्रसाद

लिफ्टवाल्याला डीकन केलं तेव्हा सगळ्या चर्चनं हसून घेतलं होतं. "आता काय, हा सगळ्यांना थेट वर पोचवणार!" तोही हसला होता. डीकन म्हणजे काही फादर नव्हे. बायकोपोरांचा माणूस, आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस चोपडणारा आणि रविवारी वेदीपाशी शुभवर्तमान वाचणारा. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाली की आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद, वेदीवरची ती पवित्र भाकर, न्यायचा, हेही त्याचंच काम.

पण त्या रविवारी गड्याचं मन पार उडालं होतं. चार महिन्यांपूर्वी बायकोला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा बसली. शेजारणीशी बोलता बोलता दूध उतू घालवणारी बडबडी बाई ती. आता तिला साधं 'कप' म्हणता येईना. लेक रोज चित्रांची कार्डं घेऊन बसायची. तोंड हलायचं, शब्द काही फुटायचा नाही. आणि हा लोकांना सांगत फिरायचा, देव तुमचं ऐकतो! दिव्याखाली अंधार, दुसरं काय? मिस्सेआधीच त्यानं फादरांना सांगून टाकलं, "हा माझा शेवटचा रविवार. मला आता जमायचं नाही."

फादरांनी वाद घातला नाही. "आजाऱ्यांना तेवढा प्रसाद देऊन या," म्हणाले, "मग बोलू."

पाच घरं झाली. सहाव्या घराला, म्हाताऱ्या शिंप्याकडे, कुलूप. त्याला त्याची मुलगी आपल्या घरी घेऊन गेली होती. गळ्यात अडकवलेल्या प्रसादाच्या डबीत एक प्रसाद उरला. उरलेला प्रसाद वाटेत कुठं न थांबता चर्चमध्ये परत न्यायचा, हा नियम. घरी न्यायचा नाही. तेवढ्यात लेकीचा फोन: "बाबा, मला आत्ताच ड्यूटीवर बोलावलंय. आईपाशी कोण थांबणार?" झालं! डबी तशीच गळ्यात घेऊन स्वारी घरी.

बायको खिडकीशी खुर्चीत होती. तिची नजर डबीवर गेली आणि तिथंच राहिली. तिनं डाव्या हातानं केस सारखे केले, पाठ ताठ केली. चार महिन्यांत यानं तिला एकदाही प्रसाद आणला नव्हता. आधी तिला गिळता येत नव्हतं म्हणून, आणि नंतर प्रसाद घेताना म्हणायचं आमेन तिला म्हणता येणार नाही, ती रडेल, म्हणून. खरं सांगायचं तर त्याला राग आला होता. देवाचा.

"बाबा, ती मागतेय," एक चप्पल पायात, एक हातात, अशी लेक दारातून म्हणाली.

"अगं, तिला प्रार्थना तरी म्हणता येईल का?"

"मग तुम्ही म्हणा की! तुमचं तोंड धड आहे ना?"

लेकीपुढं बापाचं काय चालतंय! त्यानं टेबलावर धुतलेला रुमाल अंथरला, डबी ठेवली आणि सुरुवात केली. "हे आमच्या स्वर्गातील बापा..." 'तुझे राज्य येवो' इथवर ठीक गेलं. पुढं देवाच्या इच्छेप्रमाणे होवो असं म्हणायचं होतं. हजारदा म्हटलेलं वाक्य जिभेवर येईना. ही तुझी इच्छा? हा असा हात, हे असं तोंड? खोटं कसं बोलू?

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

आवाज जाडाभरडा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. बायको बोलत होती! डोळे मिटून, कुठं न अडखळता तिनं रोजची भाकर मागितली, क्षमा मागितली. डीकनच्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंद नंतर झाला. आधी भीतीच वाटली. इतकी वर्षं तो पुढं म्हणायचा आणि लोक मागून म्हणायचे. आज तो गुडघ्यांवर बसून तिच्या मागून म्हणू लागला.

त्यानं प्रसाद उचलून तिच्यापुढं धरला. "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," ती म्हणाली.

लेकीनं रडत-हसत कपाचं कार्ड पुढं केलं. आईनं तोंड उघडलं, मिटलं, मान हलवली. नाहीच. तिच्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं, त्यात नवल नाही. असेल बापडं.

संध्याकाळी फादरांचा फोन आला. "आपलं बोलायचं राहिलं."

"फादर, जे मला म्हणवेना ते तिनं म्हटलं," डीकन म्हणाला. "येत्या रविवारी एक प्रसाद जास्त द्या. आधी माझ्या घरी जाईन, मग बाकीच्यांकडे."