कडूबाने घडवलेली तक्रारपेटी

मी एक जुनी तक्रारपेटी आहे, मित्रांनो. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तुरुंगात फाटकाजवळ टांगलेली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा तिथल्याच सुतारखान्यात कडूबा नावाच्या कैद्याने मला सागाच्या फळ्यांतून घडवले. माझ्या कपाळावर कचेरीतल्या कारकुनाने पांढऱ्या रंगाने लिहिले, 'तक्रार करणाऱ्यास त्रास दिला जाणार नाही.' कडूबाला वाचता येत नव्हते. त्याने ते गफ्फार या कैद्याकडून तीनदा वाचून घेतले. मला केवढा अभिमान वाटला होता!

माझी किल्ली न्यायाधीशसाहेबांकडे असे. ते दर तीन महिन्यांनी तपासणीला येत.

एकदा इंद्रभान नावाच्या आजारी कैद्याला काम होईना, म्हणून शिपायांनी त्याला काठीने मारले. कडूबाने गफ्फारकडून अर्ज लिहून घेतला.

"नाव नको टाकू बे," गफ्फार म्हणाला.

"बिननावाचा कागद कोन वाचते? अन् पेटीवर लिवलं हाये ना!" असे म्हणून कडूबाने आपले नाव लिहायला लावले, खाली अंगठा उठवला आणि अर्ज माझ्यात टाकला.

साहेबांनी अर्ज वाचला. त्यावर 'चौकशी करून कळवावे' असा शेरा मारला, झोकदार सही केली आणि कागद जेलरच्याच हातात दिला. कामाची रीतच तशी होती. मी लाकडाची, ओरडणार कशी?

कडूबाला एकांत कोठडीत टाकले. त्याच्या भेटी बंद केल्या. वडनेर भोलजीहून त्याची बायको झुंबरबाई आली, तेव्हा तिला फाटकावरच अडवले.

"काऊन बंद केली भेट? मले एकदा त्याचं तोंड तरी पाहू द्या जी!"

शिपाई रहेमतुल्लाने मान खाली घातली. "बाई, शिस्त मोडली म्हून लिवलं हाये."

ती माझ्याच खाली बसून रडली. मला माझी लाज वाटली.

पुढे माझी बिजागरी निखळली, म्हणून मला सुतारखान्यात नेले. कोठडीतून परत आलेल्या कडूबाने मला पुढ्यात घेतले. बिजागरी बसवण्याआधी त्याने माझ्या चिठ्ठी टाकायच्या फटीवर आतून एक पट्टी ठोकली.

"आता कोनी फसनार नाही," तो पुटपुटला.

तेव्हापासून साहेब येतात, मी रिकामी दिसते आणि ते समाधानाने 'तक्रार नाही' असे लिहितात. परवा इंद्रभानला पुन्हा मारले. त्याने चिठ्ठी माझ्या तोंडात ढकलून ढकलून पाहिली. ती चुरगळून खाली पडली आणि मारणाऱ्या शिपायानेच ती उचलली.

मित्रांनो, माझे तोंड कोणीतरी उघडा हो! पण त्याआधी, चिठ्ठी टाकणाऱ्याला कोण जपणार, तेवढे मला सांगा.