एकट्याने हरायचं नाही असा खेळ

देवराम गेल्याला वर्ष होत आलं, तरी सूर्यमाळच्या शाळेतल्या त्याच्या चौघा सहकारी शिक्षकांनी पत्त्यांना हात लावला नव्हता. आधी दर रविवारी कमलेश आणि प्रमिलाच्या खोलीवर डाव बसायचा. नवराबायको दोघंही त्याच शाळेत शिकवायचे. गौतम आणि देवराम शेजारच्या खोलीतून यायचे, जयवंती वरच्या पाड्यावरून. आता रविवार यायचा आणि चौघं आपापल्या दारांत बसून राहायची.

“काहीतरी सुचव गं,” प्रमिला एकदा जयवंतीला म्हणाली. “तू नाशिकच्या प्रशिक्षणात खेळ शिकून आलीस ना? कमलेश आणि गौतम, दोघंही आतून पोखरले जाताहेत.”

जयवंतीला तीन खेळ शिकवले होते. तिन्हींत कोणी कोणाच्या विरुद्ध नसतं, जिंकलं तर सगळे, हरलं तर सगळे. पहिल्यात पूर यायच्या आत मिळून बांध घालायचा. दुसऱ्यात वाघ यायच्या आत शेळ्या गोठ्यात आणायच्या. तिसऱ्यात ऊन चढायच्या आत विहिरीवरून हंडे पाड्यावर न्यायचे. प्रमिलाला तिने पहिले दोनच सांगितले.

कारण पत्त्यांत ‘हरेल त्याने पाणी आणायचं’ ही अट जयवंतीनेच घातली होती. एप्रिलमधला रविवार होता तो, भर दुपार. झब्बूत देवरामवर पिसाऱ्याएवढी पानं उरली. हंडा घेऊन तो खालच्या विहिरीवर गेला. पाणी खोल गेलेलं, शेवटच्या पायऱ्या शेवाळलेल्या. तास उलटला तरी येईना, तेव्हा ही चौघं बघायला गेली, तर हंडा पाण्यावर तरंगत होता आणि देवराम बुडालेला.

तेव्हापासून दुपारी शाळेत मुलं जेवायला बसली की जयवंतीला दगडावर हंडा आपटल्याचा आवाज येई. एकदाच, मग काही नाही. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं.

प्रमिलाने शेळ्यांचा खेळ निवडला. जयवंतीने चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर रान आखलं, गोठा आखला. आठ चिंचोके म्हणजे शेळ्या, सोड्याच्या बाटलीचं झाकण म्हणजे वाघ. रविवारी सकाळी चौघं बसली. बसली ती नेहमीच्या जागी, त्यामुळे गौतमच्या उजव्या हाताला चटईचा एक तुकडा मोकळाच राहिला.

फासा फिरू लागला. पडेल तेवढी घरं कुठलीही शेळी पुढे न्यायची, एक पडला की वाघ सरकायचा. सुरुवातीला जो तो फासा टाकून पुढच्याकडे देत होता. मग कमलेश म्हणाला, “ती कडेची आधी घेऊ,” प्रमिला म्हणाली, “नको, ओढ्यातली,” आणि खोलीत पुष्कळ दिवसांनी वाद झाला. आपली खेळी झाल्यावर गौतमने फासा सवयीने उजवीकडे सरकवला. मोकळ्या चटईवर तो तसाच पडून राहिला. कोणी उचलेना. तेवढ्यात जयवंतीला तो आवाज आला, दगडावरचा. दुपार व्हायची होती अजून. तिने वर पाहिलं तर गौतमही खिडकीकडे बघत होता.

शेवटी प्रमिलाने फासा उचलला. सात शेळ्या गोठ्यात आल्या, आठवी रानाच्या टोकाला, आणि वाघ दोन घरांवर.

“सात आल्या, पुष्कळ झाल्या,” कमलेश म्हणाला. “एक सोडून देऊ.”

“नाही चालत,” जयवंती म्हणाली. “एक राहिली तरी सगळे हरले. नियमच आहे तसा.”

“मग आपण कधीच हरलोय,” गौतम म्हणाला.

त्याचा आवाज इतका सपाट होता की तिघंही थांबली.

“त्या दिवशी बदाम उतरत होते. माझ्या हातात बदामाची सत्ती होती. मी बदाम नाही म्हणालो आणि इस्पिक टाकून त्याला झब्बू दिला. ती सगळी पानं त्याला उचलावी लागली. मला उन्हात जायचं नव्हतं, एवढंच.”

कमलेश उठून उभा राहिला. प्रमिलाने त्याचा हात धरला.

“अट माझी होती,” जयवंती म्हणाली. “आणि हंड्याचा तो आवाज मलाही येतो, गौतम.”

गौतमने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग प्रमिलाच म्हणाली, “हे त्याच्या आईला सांगायला हवं. तू एकट्याने नाही जायचंस. सगळे जाऊ.”

पुढच्या रविवारी पहिल्या गाडीने चौघं खोडाळ्याहून जव्हारला आणि तिथून जीपने वांगणीला, देवरामच्या गावी गेली. देवरामची आई धोंडीबाई अंगणात नागली पाखडत होती. गौतमने उभ्यानेच सगळं सांगितलं, सत्तीसकट. सुपाचा आवाज मध्ये कुठे थांबला, त्याच्या लक्षात आलं नाही.

“त्याला पवता येत नव्हता,” धोंडीबाई म्हणाली. “मीच नदीवर जाऊ दिला नाय कधी. एकलाच पोर म्हणून.” तिने चौघांना बसायला सांगितलं. गौतमचा हात धरून त्याला आपल्याजवळ बसवलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

“गेला तवा काय बोलला तो? वरीस झाला, मला कोणी सांगत नाय.”

तिघांनी जयवंतीकडे पाहिलं.

“हसला,” ती म्हणाली. “म्हणाला, आलोच, तोवर माझी पानं वाटून ठेवा.”

“मंग वाटली का?”

“वाटली होती, आई.”

धोंडीबाईने मान हलवली. थोड्या वेळाने ती उठली, आत जाऊन तिने चूल पेटवली आणि भाकरी खाल्ल्याशिवाय कोणी जायचं नाही, असं आतूनच सांगितलं.