टीव्हीत निघालेलं काकूंचं नाव

लक्ष्मीबाई नगरात आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं ते नायरसाहेबांची बदली झाली म्हणून. जाताना त्यांनी भिंतीवरचा मोठा टीव्हीही आम्हालाच विकला. खिळासुद्धा ठोकावा लागला नाही, म्हणून मी नवऱ्यापुढे, प्रतीकपुढे, चांगलीच मिरवून घेतलं होतं.

शेजारी चंद्रप्रभाकाकू, रिटायरमेंटला आलेल्या, एकट्या. दर रविवारी अकराला पुण्याहून त्यांची सून गिरिजा नातीला दाखवायला व्हिडिओ कॉल करायची. पाच मिनिटांत चित्र गोठायचं आणि कॉल तुटायचा. नेटचं निमित्त करून गिरिजाच कापते, अशी काकूंना शंका होती. मी शहाणी लगेच म्हणाले, "बिल्कुल काकू, हल्लीच्या मुली अशाच." काकू मग सुनेला नको ते बोलल्या आणि कॉल यायचेच बंद झाले. त्याला आता महिना झाला.

काल रविवारी आमचं नेट सकाळपासून बंद होतं. तरी अकराला टीव्हीवर आमचा दर रविवारचा सिनेमा मजेत चालू. सेटिंग उघडून पाहिलं, तर वायफायचं नाव 'चंद्रप्रभा'. काकूंनी कधीतरी नायरांना पासवर्ड दिला असणार, आणि तो टीव्हीतच राहिला होता. म्हणजे इतके रविवार त्यांचं नेट आम्हीच ओढत होतो.

प्रतीकने ते नाव टीव्हीतून काढून टाकलं. "चलो, विषय संपला. सांगायची काय गरज?" हे मला पटलंही, दुपारपर्यंत. पण वायफाय चुकून वापरलं होतं, गिरिजाबद्दल मी चुकून बोलले नव्हते. शेवटी उठले आणि काकूंना सगळं सांगून टाकलं.

काकूंनी गिरिजाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"मी तिची माफी मागणारच आहे, स्वरूपा. पण आधी तू मला काय म्हणाली होतीस, ते तिला सांग."

गिरिजाने कॉल घेतला. तिच्या कडेवर मुलगी होती. चित्र गोठेल म्हणून मी क्षणभर वाट पाहिली. ते गोठलं नाही.